पेटंट संपलं, आता स्वस्त गोळीवर नीट कसं यायचं

मार्च २०२५मध्ये एम्पाग्लिफ्लोझिन या मधुमेहाच्या औषधाचं भारतातलं पेटंट संपलं. त्यानंतर काही दिवसांतच ६० रुपयांच्या आसपासची गोळी काही कंपन्यांकडून १० रुपयांच्या आत मिळायला लागली. पण पेटंट संपलं हे पेशंटला कुणी घरी येऊन सांगत नाही. चिठ्ठीवर ब्रँडचं नाव लिहिलेलं असतं, केमिस्ट तेच देतो आणि घरात महिनोन्‌महिने जुन्याच भावाची पट्टी येत राहते. उतरलेल्या भावाचा फायदा विचारणाऱ्यालाच मिळतो, म्हणून काय विचारायचं, कुणाला विचारायचं आणि कुठे सांभाळायचं ते इथे सविस्तर देत आहोत.

आधी पट्टी वाचा

ब्रँडचं नाव बाजूला ठेवा आणि त्याच्या वर किंवा खाली छापलेलं जेनेरिक नाव, म्हणजे औषधाचं मूळ नाव, शोधा. सप्टेंबर २०१८पासून जेनेरिक नाव ब्रँडपेक्षा ठळक आणि दोन आकार मोठ्या अक्षरात छापणं बंधनकारक आहे, त्यामुळे ते सापडायला अवघड नाही. त्याखालच्या बारीक अक्षरांत खरी माहिती असते. उदाहरणार्थ डॅपाग्लिफ्लोझिनच्या पट्टीवर असं काहीतरी दिसेल: ‘डॅपाग्लिफ्लोझिन प्रोपेनडायॉल मोनोहायड्रेट, इक्विव्हॅलंट टू डॅपाग्लिफ्लोझिन १० मिग्रॅ’. यात आपल्या कामाचा आकडा ‘इक्विव्हॅलंट टू’च्या पुढचा, म्हणजे १०. एखाद्या कंपनीनं क्षाराचं (औषध ज्या रासायनिक रूपात गोळीत घालतात त्याचं) वजन १२.३ मिग्रॅ असंही छापलेलं असेल. ते वाचून मात्रा वाढली असं समजू नका, आतलं औषध १० मिग्रॅच असतं.

वहीत किंवा मोबाइलमध्ये चार गोष्टी टिपून ठेवा. औषधाचं नाव, मिलिग्रॅम, दिवसातून किती वेळा, आणि नावाच्या मागची अक्षरं: एसआर, ईआर, एक्सआर, सीआर, एमआर. ही अक्षरं म्हणजे औषध पोटात हळूहळू सुटणारं आहे. सगळ्यात जास्त गडबड इथेच होते. व्हिल्डाग्लिप्टिनचं पेटंट डिसेंबर २०१९मध्ये संपलं. मूळ गोळी ५० मिग्रॅची, सकाळ-संध्याकाळ घ्यायची. नंतर कित्येक भारतीय कंपन्यांनी १०० मिग्रॅची एसआर गोळी आणली, ती दिवसातून एकदाच घ्यायची. सवयीनं ती सकाळ-संध्याकाळ घेतली तर दिवसाची मात्रा दुप्पट होते. उलट एसआर गोळी ‘अर्धी सकाळी, अर्धी रात्री’ म्हणून मोडली तर हळू सुटण्याची रचनाच बिघडते. मधोमध रेघ असलेली एखादी एसआर गोळी मोडायला चालतेही, पण ते डॉक्टर किंवा फार्मासिस्टनं सांगितल्याशिवाय करू नका.

जोडगोळ्यांचंही तसंच. ब्रँडच्या पुढे ‘एम’ असेल तर बहुधा मेटफॉर्मिन मिसळलेलं असतं, आणि तेही ५०० की १००० हे वेगळं बघावं लागतं. अक्षरावर विसंबू नका, आतले घटक वाचा.

पेटंट खरंच संपलंय का, हे कसं बघायचं

पेशंटला हे काम करावंच लागतं असं नाही. केमिस्टकडे त्याच औषधाच्या चार-पाच कंपन्यांच्या पट्ट्या असतील तर उत्तर समोरच आहे. पण महागडं औषध वर्षानुवर्षं चालणार असेल, किंवा सोसायटीत, ज्येष्ठ नागरिक संघात, रुग्ण गटात कुणी याची नोंद ठेवणार असेल, तर पद्धत माहीत असलेली बरी.

भारतात पेटंट २० वर्षांचं असतं आणि ते अर्जाच्या तारखेपासून मोजतात. औषध बाजारात आलं त्या दिवसापासून किंवा पेटंट मंजूर झालं त्या दिवसापासून मोजलं की हिशेब चुकतो. बहुतेक परदेशी कंपन्यांचे अर्ज आंतरराष्ट्रीय मार्गानं येतात. तिथे आंतरराष्ट्रीय अर्जाची तारीख धरायची, भारतात कागद दाखल झाल्याची नाही; दोन्हींत कधी दीड-दोन वर्षांचं अंतर असतं. एम्पाग्लिफ्लोझिनचा आंतरराष्ट्रीय अर्ज ११ मार्च २००५चा, म्हणून मुदत संपली ११ मार्च २०२५ला.

पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावर ‘इनपास’ नावाची शोधसुविधा आहे, मोफत. तिथे ब्रँडचं नाव टाकलं तर बहुधा काहीच सापडत नाही, आणि जेनेरिक नाव टाकूनही हाती लागेलच असं नाही, कारण अर्ज केला जातो तेव्हा औषधाला अजून नावच नसतं. पेटंटचं शीर्षक ‘ग्लुकोपायरानोसिलयुक्त अमुक संयुगं’ अशा भाषेत असतं. म्हणून आधी बातमीत किंवा न्यायालयाच्या निकालात आलेला पेटंट क्रमांक शोधा आणि तो क्रमांक इनपासमध्ये टाका. मग ई-रजिस्टर उघडा. पेटंट चालू आहे की बंद आणि वार्षिक फी भरली आहे की नाही, ते तिथे दिसतं. फी थकली तर पेटंट २० वर्षांआधीच बंद पडू शकतं. एचआयव्ही, क्षय, हेपटायटिस आणि इतर काही आजारांच्या औषधांसाठी मेडिसिन्स पेटंट पूल या आंतरराष्ट्रीय संस्थेचं ‘मेड्सपाल’ हे सोपं साधन आहे. औषध आणि देश निवडला की देशनिहाय स्थिती दिसते.

अमेरिकेची तारीख इथे लावू नका. सिटाग्लिप्टिनचं पेटंट भारतात जुलै २०२२मध्ये संपलं, तेव्हा अमेरिकेत ते चालूच होतं. परदेशातल्या मुलानं ‘इकडे अजून जेनेरिक नाही’ म्हटलं म्हणून इथलं जेनेरिक बनावट ठरत नाही.

एका औषधावर एकच पेटंट असतं हाही गैरसमज. मूळ रेणूचं एक, त्याच्या क्षाराचं किंवा स्फटिकाचं दुसरं, जोडगोळीचं तिसरं अशी रांग लागू शकते, आणि कंपनी पुढच्या पेटंटच्या जोरावर मुदत लांबवू बघते. आपल्या कायद्यातलं कलम ३(ड) याच्या आड येतं: जुन्याच पदार्थाचं नवं रूप जास्त गुणकारी आहे असं सिद्ध झाल्याशिवाय त्याला पेटंट नाही. रक्ताच्या कर्करोगावरच्या इमॅटिनिबबाबत सर्वोच्च न्यायालयानं १ एप्रिल २०१३ला याच कलमावर नोव्हार्टिसचा दावा फेटाळला. आपल्या जवळचं उदाहरण बेडाक्विलिनचं. औषधांना दाद न देणाऱ्या क्षयावरच्या या गोळीचं मूळ पेटंट जुलै २०२३मध्ये संपत होतं, आणि क्षाराच्या पेटंटनं ती मुदत २०२७पर्यंत गेली असती. क्षयातून बऱ्या झालेल्या नंदिता वेंकटेशन आणि फुमेझा टिसिले यांनी अर्जाला हरकत घेतली आणि मार्च २०२३मध्ये मुंबईच्या पेटंट कार्यालयानं तो नाकारला. मंजुरीआधी कुणीही हरकत घेऊ शकतो, ही तरतूद आपल्या कायद्यात आहे आणि ती रुग्णांच्या फार कामाची आहे.

पेटंट संपायला दोन-तीन महिने उरले असतील तर एक साधी काळजी घ्या. सूट मिळते म्हणून तीन महिन्यांचा साठा करू नका. एकदा नेलेल्या पट्ट्या केमिस्ट सहसा परत घेत नाहीत, आणि महिन्याभरात मूळ कंपनीसुद्धा भाव उतरवू शकते.

डॉक्टरांकडून चिठ्ठी बदलून घ्या

काउंटरवर हमखास ऐकू येणारं वाक्य: ‘काका, हे नाहीये, पण कंटेंट सेम आहे, देऊ?’ कंटेंट खरंच तोच असेलही, पण चिठ्ठीवर ब्रँड लिहिला असेल तर शेड्यूल एचमधल्या, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच मिळणाऱ्या औषधांच्या सरकारी यादीतल्या, औषधाच्या जागी दुसरं देण्याची मुभा केमिस्टला नाही. औषध नियम १९४५मधल्या नियम ६५मध्ये हे स्पष्ट आहे. मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार यांची बरीच औषधं याच शेड्यूलमध्ये येतात. म्हणून ‘तेच द्या पण स्वस्तातलं’ असा आग्रह केमिस्टकडे धरण्यात अर्थ नाही. बदल डॉक्टरांच्या चिठ्ठीतच व्हायला हवा.

चिठ्ठीत ब्रँडऐवजी जेनेरिक नाव आलं की काउंटरवर निवड करता येते. डॉक्टरांनी जेनेरिक नाव सुवाच्य, शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहावं अशी अपेक्षा वैद्यकीय आचारसंहितेतच आहे; २०१६च्या दुरुस्तीनं ती आणखी स्पष्ट झाली. तेव्हा विचारताना संकोच करू नका. थेट असं विचारा: ‘डॉक्टर, या गोळीचं पेटंट संपलंय असं कळलं. जेनेरिक नावानं लिहून द्याल का? आणि माझ्या बाबतीत कंपनी बदलायला काही अडचण आहे का?’ दुसरा प्रश्न पहिल्याइतकाच महत्त्वाचा आहे. काही औषधांत खरोखर अडचण असते, ती पुढे दिली आहे.

डॉक्टर ठरावीक कंपनीवरच अडून राहिले तर कारण विचारा. ‘या कंपनीच्या गोळीवर तुमची साखर स्थिर आहे, पुढच्या तपासणीपर्यंत थांबू’ हे रास्त कारण आहे. नुसतं ‘जेनेरिकमध्ये दम नसतो’ हे नाही. पाण्यात सहज न विरघळणाऱ्या औषधांच्या तोंडी गोळ्यांना परवाना देताना २०१७पासून जैवसमतुल्यता चाचणी (जेनेरिक औषध मूळ औषधाइतकंच रक्तात पोचतं का, ते बघणारी) बंधनकारक आहे. या चाचणीत रक्तातलं प्रमाण मूळ औषधाच्या ८० ते १२५ टक्क्यांच्या पट्ट्यात असावं लागतं. याचा अर्थ २० टक्के कमी औषध चालतं असा नाही. सरासरीभोवतीचा ९० टक्क्यांचा विश्वास-अंतराल (खरी सरासरी ज्या दोन आकड्यांच्या मधे असण्याचा अंदाज असतो तो पल्ला) संपूर्णपणे त्या पट्ट्यात बसावा लागतो, आणि त्यासाठी सरासरी मूळ औषधाच्या बरीच जवळ असावी लागते.

भाव बघताना

भाव पट्टीचा नाही, गोळीचा काढा. समजा एका कंपनीची १० गोळ्यांची पट्टी ११० रुपयांना आहे आणि दुसऱ्या कंपनीची १५ गोळ्यांची १४२ला. पहिली गोळी ११ रुपयांना पडते, दुसरी साडेनऊला. दिवसाला दोन गोळ्या असतील तर महिन्याचे ६६० आणि ५६८. पट्टी ७ची, १०ची, १४ची, १५ची अशी कशीही असते, आणि नुसती पट्टी बघून हमखास फसगत होते. एमआरपीत जीएसटी धरलेला असतो, वर काही द्यायचं नसतं. सप्टेंबर २०२५पासून बहुतेक औषधांवरचा कर १२ टक्क्यांवरून ५वर आला आहे, तेव्हा पट्टीवर जुनी एमआरपी असली तरी बिलात नवा दर लागलाय का ते बघा.

बाजारात तीन थर आहेत. मूळ कंपनीचा ब्रँड. नावाजलेल्या भारतीय कंपन्यांचे ब्रँड, जे डॉक्टरांपर्यंत प्रतिनिधींमार्फत पोचतात. आणि ज्यांची जाहिरात होत नाही अशी, थेट दुकानदाराला विकली जाणारी ‘ट्रेड जेनेरिक’. या तिसऱ्या थरात लक्ष ठेवा. त्यांची छापील एमआरपी मोठ्या ब्रँडच्या जवळपास असू शकते, आणि दुकानदाराची खरेदी मात्र अगदी कमी. सरकारी भावनियंत्रणातल्या औषधांवर किरकोळ विक्रेत्याला १६ टक्के सुटतात, इथे त्याहून कितीतरी जास्त. म्हणजे ‘जेनेरिक आहे’ म्हटलं म्हणून स्वस्त पडलं असं नाही. एमआरपीवर किती कमी करता हे विचारा आणि गोळीमागचा भाव काढा.

सरकारी योजनेतल्या जनऔषधी केंद्रात ही भानगड नाही, भाव ठरलेला असतो. सिटाग्लिप्टिनचं पेटंट संपल्यावर दोन महिन्यांत, सप्टेंबर २०२२मध्ये, तिथे ५० मिग्रॅच्या १० गोळ्या ६० रुपयांना आल्या. या केंद्रांसाठी डब्ल्यूएचओ-जीएमपी (जागतिक आरोग्य संघटनेचे औषधनिर्मितीचे निकष) प्रमाणित कारखान्यांकडून खरेदी होते आणि प्रत्येक बॅच एनएबीएल मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासली जाते. अडचण वेगळीच येते: सगळी औषधं सगळ्या केंद्रांत कायम नसतात. ठाण्याच्या नौपाड्यातून नवी मुंबईत नेरुळला जाऊन हात हलवत परत येण्यापेक्षा ‘जनऔषधी सुगम’ ॲपवर औषध आणि भाव बघा, मग केंद्राला फोन करून साठा विचारा. औषध संपायच्या दहा दिवस आधी जा. इतर कंपन्यांच्या गोळ्यांचे भाव ताडून बघायला राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरणाचं ‘फार्मा सही दाम’ उपयोगी पडतं.

बिल घ्याच, आणि त्यावर बॅच क्रमांक आहे ना ते बघा. पट्टीतून सुट्ट्या गोळ्या घेत असाल तर बॅच आणि मुदत छापलेला तुकडा कुठल्या टोकाला आहे ते पाहा. तो तुकडा दुकानात राहिला तर आपल्या हातातल्या गोळ्या कुणाच्या, कधीच्या, हे नंतर कळायला मार्ग नाही. खपाच्या ३०० ब्रँडवर ऑगस्ट २०२३पासून क्यूआर कोड असतो. मोबाइलनं तो वाचला की कंपनी, बॅच आणि मुदत दिसते. छापील माहितीशी ती जुळली पाहिजे.

बदलल्यावरचा पहिला महिना

इथली सगळ्यात मोठी चूक म्हणजे दोन्ही गोळ्या घेणं. ठाण्यातल्या घोडबंदर रोडच्या हृदयरोगतज्ज्ञांच्या चिठ्ठीवर एक ब्रँड, फॅमिली डॉक्टरांच्या चिठ्ठीवर त्याच औषधाचं जेनेरिक. रंग वेगळा, आकार वेगळा, डबा वेगळा. आजी दोन्ही घेतात, कारण त्यांच्या दृष्टीनं ही दोन वेगळी औषधं आहेत. रक्तदाबाच्या औषधात यातून चक्कर येऊन पडणं होतं, साखरेच्या काही औषधांत साखर एकदम उतरते, रक्त पातळ करणाऱ्या औषधांत रक्तस्राव होऊ शकतो. नवी पट्टी घरात आली त्याच दिवशी जुनी बाजूला काढा. जुन्या गोळ्या संपवायच्या असतील तर आधी त्या संपवा, मग नवी पट्टी उघडा. नव्या पट्टीवर मार्करनं जेनेरिक नाव आणि ‘सकाळ’ किंवा ‘रात्र’ मराठीत लिहा.

पावसाळ्यात आपल्याकडच्या दमट हवेत महिन्याभराच्या गोळ्या पट्टीतून काढून डबीत भरू नका. ओल न मानवणाऱ्या गोळ्या दोन्ही बाजूंनी ॲल्युमिनियम असलेल्या पट्टीत मुद्दाम घातलेल्या असतात. आठवड्यापुरत्याच काढा, शक्यतो त्याही घ्यायच्या वेळी.

बदलाच्या आधीच्या आठवड्यातले आणि नंतरच्या दोन-तीन आठवड्यांतले घरचे आकडे लिहून ठेवा: उपाशीपोटीची साखर किंवा सकाळचा रक्तदाब, त्याच वेळी, त्याच यंत्रावर. ‘या गोळीनं बरं वाटत नाही’ यापेक्षा हा कागद डॉक्टरांच्या कामाचा. एचबीए१सी (दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी चाचणी) तीन महिन्यांनीच बघा, त्याआधी ती बदल पूर्ण दाखवत नाही.

इथे आपणहून बदल नको

काही औषधांत गुण येणारी मात्रा आणि अपाय करणारी मात्रा यांत फार थोडं अंतर असतं. थायरॉइडचं लेव्होथायरॉक्सिन, रक्त पातळ करणारं वॉरफरिन, फिटवरची फेनिटोइन आणि कार्बामाझेपिन, लिथियम, डिगॉक्सिन, थिओफायलिन, आणि अवयव प्रत्यारोपणानंतरची टॅक्रोलिमस व सायक्लोस्पोरिन. यांचं जेनेरिक वाईट असतं असं नाही. घोळ होतो तो दर महिन्याला कंपनी बदलण्यानं. एक कंपनी धरा आणि तीच चालवा. बदलावीच लागली तर डॉक्टरांना आधी सांगा आणि तपासणी ठरवून घ्या: लेव्होथायरॉक्सिनसाठी सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच (थायरॉइडची चाचणी), वॉरफरिनसाठी लवकरच आयएनआर (रक्त गोठण्याची चाचणी), टॅक्रोलिमससाठी रक्तातली पातळी. फिटच्या पेशंटनं दुकानात साठा नाही म्हणून दुसरी कंपनी परस्पर घेऊ नये. आठवडाभर आधी ऑर्डर द्यावी.

रक्तदाबाच्या मेटोप्रोलॉलसारख्या औषधात क्षार बदलला की वागणूक बदलते. सक्सिनेट हळू सुटणारं, टार्ट्रेट लवकर सुटणारं. पट्टीवर सक्सिनेट ४७.५ मिग्रॅ दिसलं तर तो टार्ट्रेटच्या ५०शी जुळणारा आकडा आहे, चूक नव्हे. पण एकाच्या जागी दुसरं चालत नाही.

श्वासाच्या पंपात औषध तेच असलं तरी यंत्र वेगळं असू शकतं, आणि ओढण्याची पद्धत बदलली की औषध घशातच राहतं. दुकानातच एकदा करून दाखवायला सांगा.

इन्शुलिन आणि कर्करोगावरची जैविक इंजेक्शनं यांची हुबेहूब नक्कल होत नाही. त्यांच्या मिळत्याजुळत्या आवृत्तीला बायोसिमिलर म्हणतात आणि तो बदल पूर्णपणे डॉक्टरांच्या देखरेखीत व्हायला हवा. इन्शुलिनमध्ये तर सुईचाच धोका मोठा. आपल्याकडे बऱ्याच व्हायल दर मिलीला ४० युनिटच्या असतात आणि पेनची काडतुसं १०० युनिटची. लाल टोपीची सिरिंज ४०साठी, नारिंगी टोपीची १००साठी. काडतुसातलं इन्शुलिन लाल टोपीच्या सिरिंजनं ओढलं तर अडीचपट मात्रा जाते. मधुमेह आणि वजनावरच्या सेमाग्लुटाइडच्या पेटंटची मुदत मार्च २०२६ची. अशा साप्ताहिक इंजेक्शनमध्ये कंपनी बदलताना पेन आहे की व्हायल, आणि एका मिलीत किती मिलिग्रॅम, हे आधी विचारा. मिली आणि मिलिग्रॅम यांची गल्लत झाली तर मात्रा कितीतरी पटींनी चुकते.

काही बिनसलं तर

नवी गोळी सुरू केल्यावर पुरळ, चक्कर, सूज असं काही झालं तर डॉक्टरांना कळवाच, आणि औषधाच्या दुष्परिणामांची नोंद घेणाऱ्या राष्ट्रीय यंत्रणेच्या १८००-१८०-३०२४ या मोफत क्रमांकावरही सांगा. पेशंट स्वतः कळवू शकतो. गोळी पट्टीतच फुटलेली, डाग पडलेली, किंवा छपाई संशयास्पद असेल तर ती तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे. कोकण विभागाचं कार्यालय ठाण्यात वागळे इस्टेटला आहे, टोल फ्री क्रमांक १८००-२२२-३६५. सोबत बिल आणि बॅच क्रमांक असलेली पट्टी लागते, आणि पट्टीत न उघडलेल्या गोळ्या शिल्लक असाव्या लागतात. रिकाम्या पट्टीवरून प्रयोगशाळेला काहीच तपासता येत नाही, म्हणून शंका आली त्याच क्षणी उरलेल्या गोळ्या तशाच बाजूला ठेवा आणि त्या दिवसासाठी दुसरी पट्टी आणा.